वहिनी विझवायची नाही

आमच्या दाराला बेल आहे. दाबली की चिमणी ओरडल्यासारखा आवाज येतो. ह्यांनी ती कधी दाबली नाही. ड्यूटीवरून आले की बोटांच्या पेरांनी दारावर ठकठक करायचे, जरा थांबायचे आणि पुन्हा ठकठक. किन्हवलीच्या या घरात ती थाप मी लग्नापासून ऐकत आले, आणि ती आमच्या दोघांमधली काहीतरी खूण आहे असं मी आपली समजत आले. हे गेल्यावर थोड्याच दिवसांनी दारावर तशीच थाप पडली. मी हातातलं तसंच टाकून धावत गेले. दारात त्यांचा जोडीदार उभा होता.

त्या क्षणी मला त्याचा जो राग आला, तो अजूनही पुरता गेलेला नाही.

हे मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या अग्निशमन केंद्रात होते. आगीवर पाणी मारायची नळी एकट्याला पेलत नाही, पाण्याचा जोर माणसाला मागे लोटतो. म्हणून एकजण पुढे नोझल धरून उभा राहतो आणि दुसरा मागून त्याच्या पाठीला खांदा देतो. हे पुढे असायचे आणि हा मागे. आम्ही त्याला जोडीदारच म्हणायचो.

तो आत येऊन सासूबाईंच्या पायाशी बसला आणि बोलायला लागला. कुठल्याशा गोदामातली पिंपं कशी फुटत होती, विहिरीत पडलेली म्हैस वर काढल्यावर ह्यांच्याच मागे कशी लागली, रात्रपाळीला हे कुणाकुणाच्या नकला करायचे. सासूबाई रडता रडता हसत होत्या. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. ह्यांना नकला करता येत होत्या हे मला तेव्हा कळलं.

घरी हे मुके नव्हते, पण मोजकेच. आंघोळ, जेवण, आईची विचारपूस आणि झोप. मी शाळेत मराठी शिकवते, संध्याकाळी वाचत बसते. सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीतला माणूस, कमीच बोलणार, अशी मी स्वतःची समजूत घालून ठेवली होती. आता कळत होतं की हे भरपूर बोलायचे, फक्त इथे नाही. दुसरी बाई असती तर निदान चार जणींना सांगता तरी आलं असतं. अग्निशमन केंद्राचा मत्सर वाटतो हे सांगायचं कुणाला?

आणि मला तो आधीपासून वाटत होता. आमची भांडणं व्हायची ती त्यावरूनच. मी भडकले की ह्यांचं एक ठरलेलं होतं. आधी आईला हाताला धरून पडवीत नेऊन बसवायचे. मग ओट्यावरची भांडी एकेक करून बाजूला ठेवायचे, गॅसवरचं दूध उतरवायचे आणि लांब, खिडकीखाली जाऊन बसायचे. तोंडातून शब्द नाही. मी काही भांडी आपटणारी बाई नव्हते. मी पेटलेली असताना ह्यांना कपबशांची काळजी पडते, याचा मला आणखी संताप यायचा. बोलून बोलून दमले की शेवटी मीच खरं काय ते सांगायचे, आणि मग हे उठून पाणी आणून द्यायचे.

आजार फुप्फुसांचा होता. शेवटी शेवटी आडवं पडता येत नव्हतं. मी खाटेवर त्यांच्या मागे बसायचे आणि ते माझ्या खांद्याला पाठ टेकून श्वास घ्यायचे. केंद्रातल्या कुणाला आत सोडायचं नाही असं त्यांनी बजावलं होतं. "मला असं बघायला नको कुणी." जोडीदार आला तेव्हा त्यालाही दारातूनच परत पाठवला. मला बरं वाटलं. निदान हे दिवस तरी माझे होते.

एका दुपारी गुंगीत त्यांनी विचारलं, "मागं कोण आहे?"

"मी आहे," मी म्हणाले.

त्यांनी जोडीदाराचं नाव घेतलं. हाक मारावी तसं.

"नाही हो. मी आहे."

"हं," म्हणाले आणि डोळे मिटले. खांदा माझा होता, नाव त्याचं घेतलं.

म्हणून तो सासूबाईंना गोष्टी सांगत असताना मी एकच गोष्ट ऐकायला थांबले होते. त्या केंद्रात, त्या एवढ्या गप्पांत, मी कधी होते का? एखाद्या वाक्यात तरी? तो उठून गेला. मी कुठल्याच गोष्टीत आले नाही.

दिवाळीनंतर केंद्रातून निरोप आला की ह्यांचं हेल्मेट जमा करायचं राहिलं आहे. मी ते कापडी पिशवीत घालून मुरबाडच्या एसटीत बसले. भातं कापून झाली होती, रस्त्याच्या कडेने पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या होत्या. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर गाडी थांबली. अग्निशमनाच्या वेषातला एक माणूस हात आडवा करून रस्त्यात उभा होता.

"इंजिन बंद करा. मोबाईल बंद करा. बिडीकाडी नाय. खाली उतरा नि आलात तसे मागं चाला. वारा इथनं तिकडं हाय, तुमी वाऱ्याच्या मागंच राहा."

आम्ही मागे जाऊन एका चिंचेखाली थांबलो. पुढे पाण्याच्या पाइपासाठी रस्ता खोदत होते. मशीनचा पंजा खालून कारखान्यांकडे जाणाऱ्या गॅसच्या पाइपाला लागला होता आणि गॅसने पेट घेतला होता. खड्ड्यातून ताडाएवढा जाळ सरळ वर चालला होता. कुकरची शिट्टी सुरू झाली आणि थांबायचीच विसरली, तसा आवाज. बंब बराच अलीकडे उभा होता. नळी हातात घेतलेली दोन माणसं दिसत होती. पुढचा कोणी नवा मुलगा होता. मागचा, त्याच्या पाठीला खांदा लावलेला, जोडीदार. मला इतक्या लांबूनही तो खांदा ओळखता आला.

जागा इतक्यात भरली होती. दुसऱ्या कुणाची तरी पाठ तिथे टेकलेली होती, आणि खांदा जिथल्या तिथे होता. मी पिशवी छातीशी धरली.

ते जाळावर पाणी मारतच नव्हते. ते शेजारच्या उडवीवर, एका घराच्या भिंतीवर, कौलांवर पाणी मारत होते. चिंचेखाली लोकांना राहवेना.

"आरं पोरांनो," भाजीची टोपली घेऊन उतरलेली एक म्हातारी ओरडली, "जाळ तिथं नि पाणी पेंढ्याला! गवताला न्हाऊ घालून त्याचं बारसं करताव का काय?"

"नेम चुकतोय आजी त्यांचा," ड्रायव्हर म्हणाला.

"नेम नाय रे, पगार चालू हाय. टाइमपास करतायत," मागून कोणी तरी.

तेवढ्यात नोझलवरच्या मुलाने मान मागे वळवून ओरडून विचारलं, "वहिनीच ना?"

"वहिनीच!" जोडीदार ओरडला. "फुल वहिनी! जाळाकडं बघू नको, बाजू बघ. नि खड्ड्यात पाणी जाता नये."

मी एक पाऊल पुढे टाकलं. मला वाटलं, त्याने मला पाहिलं. पण त्याचं तोंड तिकडेच होतं.

दुसरा एक जवान हातात गॅस शोधायचं मीटर घेऊन रस्त्याकडेच्या घरांतून फिरत होता. एका दाराशी तो थांबला. चौकटीवर बेल होती. त्याने बेलला हात न लावता पेरांनी दार ठोकलं, जरा थांबला आणि पुन्हा ठोकलं. आतल्या बाईने दार उघडताच म्हणाला, "ताई, बटण कुठलं दाबू नका, आहे ते आहे तसं ठेवा नि बाहेर या." बेल वाजवली की आत ठिणगी पडू शकते, आणि गॅस घरात शिरलेला असेल तर तेवढी पुरते. इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ती थाप माझी नव्हती. ती गॅसची होती.

बऱ्याच वेळाने गॅसवाल्यांची छोटी गाडी आली. त्यांनी कुठेतरी लांब जाऊन व्हॉल्व्ह बंद केला. जाळ हळूहळू खाली बसला, माणसाएवढा झाला, मग गुडघ्याएवढा, मग समईएवढा, आणि गेला. त्याच्यावर पाण्याचा एक थेंब पडला नव्हता. तरीही आम्हाला सोडलं नाही, गटारांत, घरांत मीटर फिरवून झाल्यावरच वाट मोकळी झाली. मी पुढे गेले नाही. समोरून आलेल्या गाडीत बसून हेल्मेट घेऊन घरी परत आले.

रविवारी दारावर थाप पडली. मी मुद्दाम दोनदा पडू दिली.

"वहिनी, हेल्मेट राहिलं जमा करायचं. साहेब विचारत होते."

मी पिशवी त्याच्यापुढे ठेवली आणि चहा टाकला. सासूबाई आतल्या खोलीत पडल्या होत्या. कप त्याच्या हातात देऊन मी म्हणाले, "त्या दिवशी मी त्या एसटीत होते."

"मंग हाक नाय मारली?"

"तुम्हीच मारत होता की. वहिनी, वहिनी करून."

त्याला ठसका लागला. आतून सासूबाई म्हणाल्या, "काय झालं गो?"

"काय नाय आई, चहा गरम हाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "रागवायचं नाय हां वहिनी."

"ते ऐकून ठरवते."

"गॅसचा जाळ असला ना, तर व्हॉल्व्ह बंद होईस्तवर तो विझवायचा नसतो. विझवला तर गॅस यायचा थांबत नाय, दिसायचा थांबतो. मग गटारातनं, जमिनीतनं कुणाच्या घरात जाऊन बसतो, नि तिथं कुणी बटण दाबलं की संपलं. जळतोय तवर कुठं हाय ते कळतं तरी. पण नव्या पोरांच्या डोक्यात नाय शिरत. जाळ दिसला की हात शिवशिवतात. मग दादा त्यांना सांगायचा…"

"काय सांगायचे?"

"सांगायचा, आमच्या घरी बघा. बाई पेटली की मी विझवायला जात नाय. आधी आईला पडवीत नेतो. मग बाजूची भांडी काढतो, दूध उतरवतो, नि लांब बसतो. व्हॉल्व्ह तिच्याकडं हाय, आपण हात लावायचा नाय. तिचं ती बंद करते नि मग नक्की काय झालं तेबी सांगते. पण मधेच गप केली ना, तर महिनाभर घरात कुठं काय साठलंय ते कळायचं नाय." त्याने कप खाली ठेवला. "तुमची नक्कलबी करायचा. चांगली करायचा."

"आणि तुम्ही सगळे हसायचात."

"पहिल्यांदा हसायचे. पण मग कुणी विसरत नाय. आता कॉल आला की पोरं इचारतात, साधी की वहिनी? ज्यांनी तुमाला बघितलं नाय, तीपण."

मला आधी रागच आला. माझं भांडण, माझं घर, माझा आवाज, सगळं तिकडे नेऊन वाटलं होतं. मग सावकाश दुसरं काही लक्षात आलं. मी पेटायचे ती एकाच गोष्टीवरून, की हे तिकडे बोलतात आणि माझ्याशी बोलत नाहीत. आणि हे तिकडे जाऊन माझ्याविषयी बोलत होते. माझी नक्कल करत होते. ती नक्कल कशी होती ते या माणसाला माहीत आहे, आणि मला कधीच कळणार नाही.

"अजून काय बोलायचे?" मी विचारलं.

"पुष्कळ. सांगतो. पण मलापण एक पायजे." तो हेल्मेटची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता, मी बसमध्ये घेतली होती तशीच. "मला दारातनं परत पाठवलं त्यानं. इतकी वर्षं मागं उभा राहिलो, नि शेवटाला दारातनं परत. तुमी आत होता. मी जळलो वहिनी, खोटं नाय बोलत. घरी जाऊन जेवलो नाय. शेवटी काय बोलला तो?"

हा माणूसही माझ्यावर जळत होता हे ऐकून मला बरं वाटलं. खूपच बरं वाटलं. म्हणूनच असेल, मी सांगू लागले.

"एकदा विचारलं, मागं कोण आहे?"

त्याचा चेहरा बदलला. "ते आमचं. पुढं सरकायच्या आधी इचारायचा. दरवेळेला." मांडीवरची पिशवी सावरत म्हणाला, "मग? तुमी काय सांगलं?"

"मी आहे म्हणून सांगितलं."

"नि तो?"

"हं म्हणाले."

"बस? अजून काय नाय?"

त्याचं नाव माझ्या जिभेवर होतं. तेवढं एक नाव दिलं असतं तर तो माणूस आयुष्यभर त्यावर जगला असता. त्याच्या मांडीवर हेल्मेट होतं, त्याच्याकडे नक्कल होती, थाप होती, सगळ्या गोष्टी होत्या. आणि तो खांदा त्या दुपारी माझा होता.

"एवढंच," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मीटर घेऊन गटाराशी बसलेला माणूस काट्याकडे पाहतो तसं, गडबड न करता. मग उठला, टेबलावरचा माझा कप उचलला, स्वतःचा उचलला, मधली बशी उचलली, सगळं आत मोरीत नेऊन ठेवलं, आणि येऊन लांब, खिडकीखाली जाऊन बसला.