बांधावरचा ढोल

आमच्या गुंजवण्याकडं भातलावणीला इर्जिक असते. आज सगळं गाव तुमच्या वावरात राबतं, उद्या तुम्ही दुसऱ्याच्या. मजुरी नाही, मालकानं पोटभर जेवू घालायचं आणि बांधावर ढोल वाजायचा. ढोल लागला की चिखलातले हात आपोआप पळतात. गावच्या प्रत्येक इर्जिकीला तो ढोल आमच्या आप्पांचा. माझे वडील म्हणून सांगत नाही, पण असा हात पंचक्रोशीत दुसरा नाही.

मग आप्पांचं हृदय थकलं. चार पावलं चालले की धाप, संध्याकाळी पाय सुजून टम्म. मी भोरला नोकरीला, म्हणून तिथल्याच डॉक्टरांना दाखवलं. गोळ्या कायमच्या, त्यात एक अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारी, मीठ कमी, आणि मधूनमधून रक्ताची एक तपासणी. डॉक्टरांनी समजावलं, हृदयावर ताण पडला की ते रक्तात एक पदार्थ सोडतं; ताण वाढला की त्याचा आकडा वाढतो. आप्पांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "लावणीला ढोल वाजवता येईल का?"

"आकडा उतरू दे, पायाची सूज उतरू दे, मग बघू."

घरी आल्यावर आप्पा आईला म्हणाले, "रोप लावता येत न्हाई, ढोल वाजवता येत न्हाई, मग लोकांनी माझ्या वावरात का यावं? म्या फुकटचा हात घेनार न्हाई." त्यांना धापेपेक्षा याचीच जास्त धास्ती.

पुढच्या तपासणीत आकडा उतरायचं सोडून वाढलेला. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या घेता ना?"

"घेतो की!"

"लघवीची पण?"

आप्पा खिडकीबाहेर बघायला लागले. मग हळूच म्हणाले, "डाक्टरसायेब, यष्टीत बसल्यावर कुठं उतरायचं? लग्नात पंगतीतनं कितींदा उठायचं? बरं दिसतं का ते?" म्हणजे बाजार, लग्न, दहावा, जिथं जायचं असेल त्या दिवशी गोळी बंद! आणि आमचे आप्पा घरी कधी बसलेत? वर सुकटीचं खारट कालवण चालूच.

माझं डोकंच फिरलं. "लघवीची लाज वाटते, आणि आम्हाला रडवायची नाही वाटत?" मी तिथंच ओरडले. बाहेरच्या बाकावरच्या बायका डोकावून बघायला लागल्या. बघू देत! डॉक्टर मात्र शांत. म्हणाले, प्रवास असेल तर गोळीची वेळ पुढं-मागं करा, पण गोळी चुकवू नका.

त्या दिवसापासून आप्पा इरेला पेटले. अंगात पाणी साठतंय का बघायला रोज सकाळी भात तोलायच्या वजनकाट्यावर उभे राहायचे. कुणी लोणचं वाढलं की हात आडवा, "नको, मला लावणी हाये." भर पंगतीतनं उठताना मोठ्यानं सांगायचे, "आलो रं, गोळी घेतलीया!" आई पदराआड हसायची.

आणि आकडा उतरला की हो! चांगला निम्म्याच्या खाली आला. सूज गेली. डॉक्टरांनी पाय दाबून बघितले, छाती तपासली आणि म्हणाले, "चिखलात उतरायचं नाही. बसून वाजवा, थोडाच वेळ. धाप लागायच्या आत थांबायचं."

थांबायचं? आप्पा? ढोल हातात आला की त्यांना जेवणाचीही शुद्ध नसते. मी रजाच टाकली आणि लावणीला ओरडायच्या तयारीनं आमच्या बांधावर उभी राहिले.

बोलवायच्या आधीच सगळं गाव आलं होतं. शेजारची म्हातारी चिखलात उतरता उतरता म्हणाली, "आप्पा, तुमचा ढोल आमच्या वावरात किती वरसं वाजला, ते कोन इसरलंय व्हय?" आप्पांनी डोळे पुसले, स्टुलावर बसले आणि पहिला ठोका टाकला. तोच हात! माझ्या अंगावर काटा आला. रोपं लावणाऱ्यांची ओळ सरसर मागं सरकायला लागली.

मी त्यांच्या छातीकडं बघत होते. आता ओरडावं, आता ओरडावं असं चाललेलं, तेवढ्यात आप्पाच थांबले. धाप नव्हती. चेहरा शांत. ढोलाचं टिपरू माझ्यापुढं धरलं.

"बास. आता तू."

"मी? आप्पा, बायका कुठं वाजवतात ढोल?"

"माजी लेक वाजवती. धर! मला फुडल्या सालीबी वाजवायचाय."

आजवर आप्पांना कुणी थांबवू शकलं नव्हतं, ते आज आपले आपण थांबले होते. मी टिपरू घेतलं. पहिला ठोका चुकला, खाली सगळे खो खो हसले. दुसरा लागला, आणि ओळ पुन्हा चालू लागली.