गॅलरीतली शहाळी

समोरच्या मोरेकाकांच्या गॅलरीत शहाळ्यांची रास पडली आहे. खालची काळी पडली आहेत, त्यांच्यावर चिलटं घोंघावतात आणि आंबूस वास जिन्यापर्यंत येतो. काकांची मूत्रपिंडं निकामी होत चालली आहेत. त्यांना शहाळ्याचं पाणी बंद आहे. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला काकू हे सांगतात. तरी पुढचा माणूस शहाळंच आणतो, कारण आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जायचं नसतं.

काल मी तिथे असताना काकांचे एक जुने सहकारी आले. त्यांनी चहा घेतला, या आजाराने कोण कोण गेलं ते काकांसमोरच सांगितलं आणि उठताना म्हणाले, "वहिनी, काही लागलं तर हक्काने सांगा."

काकूंचा गाल सुजला होता. "उद्या सकाळी यांच्याजवळ थोडा वेळ बसाल, भाऊजी? दाढ दाखवून येते."

"उद्या नेमकं जमत नाही हो. शहाळी मात्र पाठवतो."

आपली विचारपूस चहापाशी संपते. पुढे दुखणं वर्षानुवर्षं चालतं आणि ते एकटी बाई उचलते.

आज काकू दवाखान्यात गेल्या आणि मी काकांजवळ बसलो. बेल वाजली. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ शहाळं घेऊन उभे होते.

"वहिनी नाहीत? यांना असं टाकून गेल्या?"

काका डोळे मिटूनच आतून म्हणाले, "शहाळं त्यांनाच परत द्या. आणि दार लावून घ्या."

मी दोन्ही केलं.