बर्फावरचं बोट

ऐका रे, मधे बोलू नका! तर आपली ऋजुता दुपारी लॅबमध्ये फ्रीझरला पाठ टेकून बसलेली. फ्रीझरची घरघर, पोटात मेसचं जेवण, डोळे मिटतायत, उघडतायत, परत मिटतायत. आणि समोर कोण, तर हेमांगीताई! तिची सीनियर, भाद्रपदात डेंग्यूनं गेलेली. अंगात पांढरा कोट, केसांवर दव गोठलेलं.

"झोपलीस काय गं? माझी डिश काढ."

डिश म्हणजे ताईचा जीव. तिच्यात आरएनएचे, म्हणजे पेशीतल्या त्या नाजूक रेणूचे, तुकडे जोडणारा आरएनए, आणि तोही बर्फात! पाणी गोठतं, पण बर्फाच्या कणांमध्ये बारीकशी ओल उरते, त्या ओलीत तो गुपचूप काम करत राहतो. शोध सगळा ताईचा. ती गेली, आणि लॅबचे प्रमुख टिपणीस सर, त्यांनी शोधनिबंधातून तिचं नाव गाळून स्वतःचं घातलं. आज पाहुण्यांसमोर बर्फ वितळवून, आत काय जुळलंय ते दाखवणार म्हणे.

ऋजुता फ्रीझर उघडते, तर आत ताईचं चिपळूणचं माजघर. तेराव्याची पंगत बसलीय. सर पानावर.

"बघ, दुसऱ्यांदा खीर मागतोय," ताई दातओठ खाते. "माझ्या आईकडे! लाज आहे का मेल्याला?"

"ताई, मी काय करू?"

"हातमोजा काढ."

ऋजुता हात मागे घेते. ताईनंच तिला पहिल्या दिवशी दम भरलेला: उघडं बोट लागलं की आरएनए गेला, आपल्या घामातच त्याचा काळ असतो.

"अगं, पण तुझंच काम मरेल ना!"

"मरू दे. माझं आहे. त्याच्या घशात नाही जाऊ देणार." पंगत विरलीय, दोघी लॅबच्या जिन्यात, डिश ऋजुताच्या हातात. "आत्ता काही होणार नाही. बर्फात सगळं हळू चालतं, पण चालतं. मी नाही का थांबले? तो वितळवेल ना, चारचौघांत, तेव्हा बघ त्याचं तोंड."

ऋजुता बोट टेकते. ताई खुदकन हसते.

"ऋजुता! झोपा काढतेस?"

दारात टिपणीस सर, मागे पाहुणे. "डिश आण. आणि हातमोजा घाल आधी, अक्कल आहे का?"

उजवा हात उघडाच. बोटाचं टोक पांढरंफटक, बधिर. ती फ्रीझर उघडते, डिशचं झाकण जरासं उचलते. बर्फावर बोटाएवढा खळगा.

ती झाकण नीट बसवते. हातमोजा चढवते.

"घ्या सर."