तात्यांचं भाषण कुणी कापलं?

बारामतीत माझं साउंडचं दुकान आहे. स्पीकर भाड्यानं देणं हा धंदा, आणि मागच्या खोलीत कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग कापणं-जोडणं हा जोडधंदा. प्रचाराच्या रिक्षांवरच्या घोषणा, नवरी मांडवात येताना लागणारी गाणी, वाढदिवसाच्या आरोळ्या, सगळं मी कापतो. कापण्यात आपला हात कुणी धरू शकत नाही, असं मी अगदी अलीकडपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे.

इंदापूर तालुक्यात, निरवांगीच्या पुढं एका वस्तीवर पाणीवापर संस्थेची सभा होती. माईक, स्पीकर आणि रेकॉर्डिंग माझ्याकडं. सभा संपल्यावर सचिव म्हणाले, "परत्येकाचं बोलणं येगळं करून द्या. ग्रुपवर टाकायचंय."

दोन तासांची सभा कोण ऐकत बसणार? सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते. आवाज थांबला की तिथं आपोआप तुकडा पाडायचा, आणि फार बारके तुकडे टाकून द्यायचे. खोकला, माईकवरची टकटक, असला कचरा त्यानं निघून जातो. मी दोन्ही खुणा केल्या, बटण दाबलं आणि चहाला गेलो. आलो तर सभा सोलून तयार. न ऐकताच पेन ड्राइव्हमध्ये भरली. न्यायला अध्यक्षांचे मेहुणे येऊन बसलेच होते.

दोन दिवसांनी एक म्हातारे सभासद एसटीनं दुकानात आले. गाव त्यांना तात्या म्हणतं. बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "किती दिलं?"

"कुणी, तात्या?"

"ज्यानं माझं बोलणं कापाय लावलं त्यानं!"

तात्यांची डाळिंबाची बाग कालव्याच्या चारीच्या अगदी शेवटाला, टेलला. वरचे लोक आधी भिजवून घेतात आणि टेलपर्यंत पाणी पोचेस्तोवर पाळी संपते. दोन पाळ्या कोरड्या गेल्या होत्या. पुढची पाळी टेलकडून सुरू करा, असं तात्यांनी सभेत उठून म्हटलं होतं. इतिवृत्तात मात्र सचिवांनी 'आयत्या वेळच्या विषयांवर चर्चा झाली' एवढंच लिहिलं. राहिलं रेकॉर्डिंग. त्यात सगळे होते, आभार मानणारासुद्धा होता, तात्या नव्हते. आणि पाळी सुटायला आठवडाच राहिला होता.

माझा पहिला संशय तात्यांवरच गेला. म्हटलं, "तात्या, तुम्ही खरंच बोलला होता का?"

"न्हाय! हुबा ऱ्हाऊन नुसतं ऊन खाल्लं!"

म्हणजे बोलले होते. मग दुसरा संशय मेहुण्यांवर. मी चहाला गेलो तेव्हा ते दुकानात एकटे होते. मी तडक अध्यक्षांना फोन लावला आणि चढ्या आवाजात सांगितलं, "तुमच्या मेहुण्यांनी माझ्या कॉम्प्युटरला हात लावलाय." पलीकडून आवाज आला, "थांबा, येतो."

ते येईपर्यंत पुरावा हवा म्हणून शेजारच्या मोबाइलवाल्याचा कॅमेरा उघडायला लावला. त्याला माझ्या काचेतून आतलं सगळं दिसतं. मेहुणे सोफ्यावर तोंड उघडं टाकून झोपलेले. कॉम्प्युटरला हात लावणारा एकच माणूस, तोही पाठमोरा. मी म्हटलं, "हा कोण टकल्या?" मोबाइलवाल्यानं माझ्या डोक्याकडं बघितलं.

परत येऊन मूळ रेकॉर्डिंग उघडलं. हे आधीच करायला हवं होतं. पण संशय घ्यायला गंमत येते, ऐकायला कंटाळा. पडद्यावर इतरांचं बोलणं उसाच्या फडासारखं दाट दिसत होतं. तात्यांचं मात्र लांब लांब रोवलेल्या खुंटांसारखं. तात्यांच्या गालात कायम तंबाखू. दोन शब्द बोलायचे, थांबायचे, घोळवायचे, पुन्हा दोन शब्द. सॉफ्टवेअरनं प्रत्येक थांब्याला तुकडा पाडला आणि अख्ख्या तात्यांना खोकला समजून फेकून दिलं.

तेवढ्यात अध्यक्ष आले. त्यांचा संशय निराळाच. "तात्यांचं बोलणं तू मुद्दाम बाजूला ठेवलंयस. इलेक्शनला भाईर काढणार, व्हय का न्हाय?"

मी मूळ रेकॉर्डिंग लावलं.

"अध्यक्षसायेब..." थांबा. "आमी टेलवालं..." थांबा. "पुढची पाळी..." थांबा. "टेलकडनं चालू करावी..." मोठा थांबा. आणि मग निराळ्याच एका कडक आवाजात, "मंजूर!" पाठोपाठ अख्खा मांडव, "मंजूर, मंजूर!" त्या गलक्यात तात्यांचं उरलेलं, "...आशी इनंती हाय."

आमच्याकडं सभेत ठराव वाचला की वाचणारा थांबतो आणि लोक मंजूर म्हणतात. जिलेबीचा वास सुटला की ठराव कुणाचा, काय, हे बघत नाहीत. नुसता थांबा पुरतो.

अध्यक्षांनी पुन्हा लावायला सांगितलं. "ह्यो पैला आवाज कुणाचा?"

मी माईकची वायर गुंडाळायला लागलो.

"ह्याचाच की!" तात्या म्हणाले.

"तू सभासद हायेस?"

"नाही."

"चारीवर गुंठाभर तरी रान हाय?"

"नाही."

"मग मंजूर कशापायी म्हणलास?"

"भूक लागली होती."

अध्यक्ष खुर्चीतून अर्धे उठले. "ह्याला ठराव म्हणत न्हाईत. आन् मला तर वाटतंय हे तू आत्ताच जोडलंयस. कापाय येतं त्याला जोडाय बी येतं."

तात्या इतका वेळ माझ्याकडं चोराकडं बघावं तसे बघत होते. आता अध्यक्षांकडं वळले. "आवो, जोडायचंच आसतं तर सवताचा आवाज ठिवला आसता का येड्यानं? आन् त्येच्यामागनं दुसरा आवाज कुणाचा, त्ये बी ऐका की."

तिसऱ्यांदा लावलं. माझ्या आवाजाला लागूनच, व्यासपीठावरच्या माईकमधून, भारदस्त आणि घाईघाईचा एक 'मंजूर' होता. तो ओळखायला कुणाची गरज पडली नाही. अध्यक्ष परत खुर्चीत टेकले, टोपी काढून मांडीवर ठेवली, मग खिशातून फोन काढला आणि पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला लावला.

"स्पीकरवर घ्या," तात्या म्हणाले.

अध्यक्षांनी स्पीकरवर घेतला. "ह्या पाळीला टेलकडनं सोडायचं. सभेत मंजूर झालंय."

पलीकडून पाटकऱ्यानं दोनदा विचारलं, "कोण बोलतंय नक्की?"

अध्यक्ष नाव सांगायला लागले तेव्हा तात्यांनी माझ्या टेबलावर बोटानं टकटक केली. "बसलायस काय? हे बी रेकॉर्ड कर. आन् तुकडं पाडू नगंस. थांबलो तरी चालू ठिव."