चालायचे डोहाळे

सातव्या महिन्यात मी एखाद्या संस्थानच्या महाराणीसारखी राहत होते. सोफ्यावर लोड, लोडाला टेकलेली मी आणि माझ्या पोटावर मिठाईचा डबा. पोट असं आयतं टेबल झालेलं असताना वापरायचं नाही म्हणजे काय! दोन हजार चार साल असेल. नाशिकला आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. लिफ्ट बंद पडली की सगळी इमारत हळहळायची, मी मात्र आनंदाने जाहीर करायचे, "आज माझं बाहेर पडणं नाही!"

मग डॉक्टरीणबाईंनी माझी साखर तपासली.

"पंधरा दिवस देते," चष्म्यावरून बघत त्या म्हणाल्या. "गोड बंद, जेवण मोजकं, जेवणानंतर चालायचं. पुन्हा तपासू. उतरली नाही तर इन्सुलिन. रोज सुई."

सुई! मी सुईच्या धाकाने ब्लाउजचे हुकसुद्धा शेजारणीकडून शिवून घेणारी बाई.

"पण साखर माझी वाढली ना," मी कळवळून म्हणाले, "बाळाचं त्यात काय?"

"बाळाची जनुकं म्हणजे पाककृतींची वही समजा. वही तुम्हा दोघांकडून आलेली, ती बदलत नाही. पण कुठलं पान उघडं ठेवायचं, कुठलं मिटायचं, याच्या खुणा पोटात असतानाच पडायला लागतात. तुमची साखर, खाणं, हालचाल यांचा त्या खुणांवर परिणाम होतो, असं दिसतंय. शास्त्र नवं आहे, सगळं कळलेलं नाही. तरी नको त्या पानावर आपण होऊन खूण कशाला करायची?"

घरी सासूबाईंनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "यात नवीन ते काय? डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचा कान फुटतो, हे आम्ही कधीचं सांगतोय."

म्हणजे खाल्लं तर वही बिघडणार आणि नाही खाल्लं तर कान फुटणार!

पण सुईच्या भीतीने मी सुधारले. तेरा दिवस अर्धी भाकरी, मोडाची मटकी आणि गच्चीवर फेऱ्या. सासूबाई टाकीच्या कट्ट्यावर बसून फेऱ्या मोजायच्या आणि मी कोपरा कापला तर ती फेरी बाद करायच्या. चौदाव्या दिवशी, म्हणजे नेमकं तपासणीच्या आदल्या दिवशी, सायखेड्याच्या चुलतसासूबाईंनी डोहाळजेवण ठेवलं. तेही गोदावरीत, नावेत! जमिनीवरच्या जेवणातून निदान उठून पळता तरी येतं.

हिरवी साडी, डोक्यावर मोगऱ्याचा मुकुट, हातात फुलांच्या बांगड्या, अशी मी नावेच्या मधोमध बसले. भोवती पैठण्या नेसलेल्या नऊ जणी. समोर पुरणपोळी, शिरा, सांजोऱ्या आणि श्रीखंड. प्रत्येकीने एकेक घास भरवायचा, अशी रीत.

"आ कर गं बाई," चुलतसासूबाई पुरणपोळीचा घास घेऊन पुढे सरकल्या. "दोन जिवाची हायेस."

"काकू, डॉक्टरांनी गोड..."

"डाक्टरला काय कळतंय? माझी सहा बाळंतपणं झाली, येकदा बी साखर मोजली नाय!"

मी केविलवाणेपणाने सासूबाईंकडे बघितलं. त्या बगळे बघत होत्या. मग माझा मुकुट नीट करायच्या निमित्ताने वाकून कानात फिसकारल्या, "अगं, डोहाळा सांग! त्याला नाही म्हणायची इथे कुणाची छाती आहे?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी कपाळाला हात लावला, डोळे मिटले आणि कण्हले, "मला... डोहाळा लागलाय!"

नावाड्याने वल्हंसुद्धा थांबवलं. काकूंचा घास हवेतच राहिला.

"बोल बाय, काय पायजे?"

"बाजरीची अर्धी भाकरी. मेथीची भाजी. आणि जेवून झालं की चालायचंय. काठाने. तुम्हा सगळ्यांबरोबर."

"चालायचा डोहाळा? असला कुणाचा ऐकला नाय!"

"जाऊबाई," सासूबाई गंभीर चेहरा करून म्हणाल्या, "बाळाच्या कानाचा प्रश्न आहे."

नाव काठाकडे वळली. काकूंच्या मळ्यातल्या वस्तीवरून भाकरी-भाजी आली. आणि मग दोन्ही बाजूंच्या उसातून आमची मिरवणूक निघाली. पुढे मुकुट घातलेली मी, मागे पैठण्यांचे काठ उचलून, चपला हातात घेतलेल्या नऊ जणी.

"किती लांबचा गं तुझा डोहाळा?" काकू धापा टाकत म्हणाल्या.

"बाळ म्हणतंय, त्या पिंपळापर्यंत."

पिंपळ आला.

"बाळ म्हणतंय, आता त्या विहिरीपर्यंत."

"बाळाला म्हणाव, तुझ्या आजीचे गुडघे गेले!" असं ओरडून त्या बांधावर फतकल मारून बसल्या. नावेतली पुरणपोळी आता आपणच संपवायची, यावर उरलेल्या आठ जणींचं तिथेच एकमत झालं.

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी एकदा आणि जेवल्यावर दोन तासांनी एकदा रक्त दिलं. दोन्ही वेळा डोळे मिटून, सासूबाईंचा दंड घट्ट पकडून. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट उलटसुलट करून बघितला आणि हसल्या.

"उतरली. इन्सुलिन नको."

मी खुर्चीतल्या खुर्चीत टाळ्या पिटल्या.

"आता हेच सगळं बाळंतपणापर्यंत," त्या म्हणाल्या, "रोज."

मी टाळ्या थांबवल्या. सासूबाईंनी विचारलं, "पावसात गच्ची ओली असली, तर जिन्याच्या फेऱ्या चालतील का?"