कोपऱ्यावरची बोलकी माणसं

निवृत्त झाल्यापासून मला मतं फार झाली आहेत, असं माझी बायको म्हणते. ते खोटं नाही. चौतीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. रोज पाच-सहा तास समोरचा वर्ग माझं ऐकून घ्यायचा. ती सवय काही केल्या सुटेना, म्हणून मी वर्तमानपत्रांच्या वाचकांच्या सदरात पत्रं लिहू लागलो. कारण नसताना वाजवलेले हॉर्न, वरातीतले डीजे, दुकानांच्या पाट्यांवरचं शुद्धलेखन, गंगेत निर्माल्याची पिशवी टाकून भक्तिभावाने हात जोडणारे लोक, हेल्मेट कोपराला अडकवून गाडी चालवणारे. एकही विषय सोडला नाही. पत्रं छापून यायची. सोसायटीतले लोक लिफ्टमध्ये भेटले की "सर, आज वाचलं बरं का," असं म्हणायचे आणि खाली जाऊन गाडी फुटपाथवरच लावायचे.

नाशिकच्या पंचवटीत, गंगेपासून (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) दहा मिनिटांच्या अंतरावर, आमची इमारत आहे. चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीतून समोरच्या बागेचा कोपरा दिसतो. दर रविवारी पाचच्या सुमाराला तिथे वीस-पंचवीस जण जमायचे. पंचविशीपासून पन्नाशीपर्यंतचे, बाया आणि पुरुष. दुचाकी आडव्यातिडव्या लावायच्या, फुटपाथ अडवायचा आणि दोन-अडीच तास हातवारे करत उभं राहायचं. वरून मला ती कायम भांडणंच वाटत. सिंहस्थाच्या कामासाठी अर्धा रस्ता खोदून ठेवलेला, उरलेल्या अर्ध्यात भाविकांच्या रिक्षा, आणि त्यात हे. मी एक अर्ज लिहिला, सोसायटीतल्या एकोणीस घरांच्या सह्या घेतल्या आणि पोलीस चौकीत द्यायला सेक्रेटरींकडे सोपवला.

पण अर्जावर विसंबून गप्प बसलो तर मी कसला! पुढच्या रविवारी मी स्वतःच खाली उतरलो. निळा शर्ट घातलेला एकजण माझ्याकडे पाठ करून उभा होता.

"अहो, जरा इकडे बघा."

तो वळला नाही. मी आवाज चढवला. "तुमच्याशी बोलतोय मी!" तरी नाही. वर्गात मागच्या बाकावरून असं व्हायचं तेव्हा माझं डोकं फिरायचं, तसंच फिरलं. मी त्याच्या खांद्यावर जोरात हात मारला. तो दचकून वळला, माझ्याकडे पाहिलं आणि हसला. कानाकडे बोट नेलं आणि पंजा हलवला. ऐकू येत नाही.

मी बाकीच्यांकडे पाहिलं. सगळे माझ्याकडे बघत होते. एकाच्याही तोंडातून शब्द नव्हता. इतके रविवार मी त्यांना बघत होतो, आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

चाळिशीतली एक बाई पुढे आली. अबोली साडी, खांद्याला कापडी पिशवी. तिने मोबाइलवर काहीतरी लिहून माझ्यासमोर धरलं. 'काका काय झाल?'

मी घरून अख्खं भाषण तयार करून आलो होतो. तिच्या मोबाइलवर चाचपडत एवढंच लिहिलं, 'गाड्या जरा बाजूला घ्याल का?' तिने ते वाचून दोन्ही हात हवेत हलवले आणि मिनिटाभरात सगळ्या गाड्या भिंतीला लागल्या. मग तिने पुन्हा लिहिलं. 'आम्ही रविवार इथे भेट. सगळे बोल. घरी कोण बोल नाही.'

माझी पहिली प्रतिक्रिया काय झाली असेल, तर त्या तीन वाक्यांतल्या चुका मोजण्याची. मग मी ती पुन्हा वाचली. शेवटच्या चार शब्दांपाशी थांबलो.

त्या आठवड्यात मी सेक्रेटरींना म्हटलं, "तो अर्ज परत द्या."

"अहो सर, तो तर मी बुधवारीच देऊन आलो," ते अभिमानाने म्हणाले.

पुढच्या रविवारी कोपऱ्यावर एक हवालदार मोटारसायकलवरून उतरताना दिसला. मी चप्पल अडकवून तसाच खाली धावलो. लिफ्टची वाट बघितली नाही. पोचलो तेव्हा तो कागद हातात घेऊन सगळ्यांना "चला, चला" करत होता आणि त्या बाईशेजारी एक कॉलेजातली मुलगी उभी राहून त्याचं बोलणं हातांनी सांगत होती. ती त्या बाईचीच मुलगी होती. तिला ऐकू येतं, बोलता येतं, आणि खुणांची भाषा तर ती पाळण्यात असल्यापासून शिकलेली.

"हे बघा, सर आलेच," हवालदार म्हणाला. "सर, तुमचाच अर्ज ना हा?"

नाही म्हणायची सोय नव्हती. अक्षर माझं होतं. मुलीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तेही आईला सांगितलं. बाईने हात पुढे करून अर्ज मागून घेतला. सावकाश, एकेका ओळीवर बोट फिरवत वाचला. मग एका शब्दावर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि भुवया आक्रसल्या.

"आई विचारतेय, 'उपद्रव' म्हणजे काय?" मुलगी म्हणाली. "मलाही नीट माहीत नाही, आजोबा."

चौतीस वर्षांत हजारो शब्दांचे अर्थ सांगितले. हा एक मात्र माझ्याच अक्षरात समोर होता. "त्रास," मी म्हटलं. "मी लिहिलं होतं की तुमचा... त्रास होतो."

बाईने मान हलवली आणि पुढे वाचू लागली. खालच्या ओळीवर मात्र ती थबकली. तिने शेजारच्या निळ्या शर्टाला ती ओळ दाखवली. तो वाकून बघतो न बघतो तोच मोठ्याने हसत सुटला. अर्ज या हातातून त्या हातात गेला आणि बघता बघता पंचवीसच्या पंचवीस माणसं पोट धरून हसू लागली.

मी लिहिलं होतं, 'सदर व्यक्ती दर रविवारी आरडाओरडा व गोंगाट करतात.'

आयुष्यभर अर्ज लिहिल्याचा हा परिणाम. लेखणी सवयीने चालली होती, कानांना कुणी विचारलं नव्हतं. हवालदारानेही तो कागद पुन्हा वाचला आणि "काय सर तुम्ही!" म्हणून कपाळाला हात लावला. मी सगळ्यांसमोर हात जोडले. त्यांनी मला मध्ये उभं केलं, गोंगाटाचा अर्ज माझ्या हातात दिला आणि फोटो काढला. तो फोटो अजून त्यांच्या गटात फिरतो, असं मुलगी सांगते.

त्या दिवशी मी वर गेलो नाही. बागेच्या कठड्यावर त्यांच्याबरोबर बसलो. चहा आला. मुलगी मधे बसली, आणि तिच्या आईने मला स्वतःची गोष्ट सांगितली.

ती नांदगावकडच्या एका खेड्यातली. जन्मापासून ऐकू येत नाही. घरच्यांना ती 'मुकी' एवढंच ठाऊक. जेव, ये, जा, मारीन, एवढ्या चार-पाच खुणा घरात होत्या. ती सहा वर्षांची असताना तिचे वडील वारले. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं होतं, तिथेच गेले. घरी माणसं जमली, रडली, पांगली. काय झालं ते तिला कुणी सांगितलं नाही. सांगायला भाषाच नव्हती. ती रोज संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर जाऊन बसायची, कारण वडील नेहमी त्या गाडीने यायचे. तीन वर्षं बसली. मग एका नातेवाइकाने तिला नाशिकच्या वसतिगृहाच्या शाळेत आणून घातलं. तिथे पहिल्यांदा तिला तिच्यासारखी माणसं भेटली. वर्षभरात खुणा आल्या, आणि एके दिवशी तिने एका मोठ्या मुलीला विचारलं, माझे वडील कुठे गेलेत? तिच्या आयुष्यातला तो पहिला प्रश्न. त्या मुलीने तिला मरण म्हणजे काय ते सांगितलं. त्या दिवशी, वडील जाऊन चार वर्षं झाल्यावर, ती त्यांच्यासाठी रडली.

हे सगळं मी मुलीच्या तोंडून ऐकलं म्हणतो, पण खरं म्हणजे अर्ध्यावर मी ऐकायचं सोडून दिलं होतं. मी त्या बाईकडे बघत होतो. तिच्या हातांत थांब्यावरचा दगड होता, लांबून येणारी गाडी होती, गाडीमागे उठलेला फुफाटा होता. एकेक माणूस उतरे तशी तिची नजर एकेका चेहऱ्यावर जाऊन परत येई. दार बंद झालं, गाडी निघून गेली, आणि तिचे हात मांडीवर येऊन पडले. मी पाठ्यपुस्तकांतून कितीतरी वर्णनं शिकवली आहेत. असं वर्णन मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, भांडून आलात की काय? असे काय बसलात?" दुसऱ्या रविवारी मी तिलाच खाली घेऊन गेलो.

तेव्हापासून आम्ही दोघं जातो. बाईने मला विचारलं होतं की नीट मराठी लिहायला शिकवाल का. सातपूरच्या कारखान्यात ती पॅकिंगचं काम करते आणि रजेचा अर्ज लिहिला की साहेब हसतात. मी हो म्हटलं. विभक्तीपासून सुरुवात केली आणि दुसऱ्याच धड्याला मी विद्यार्थी झालो. मी 'तिला', 'मला' समजावत होतो, तर तिने 'देणे'ची खूण करून दाखवली. हात तिच्याकडून माझ्याकडे आला: मी तुम्हाला देते. तीच खूण माझ्याकडून तिच्याकडे नेली: तुम्ही मला देता. प्रत्यय कुठे लावायचा तो तिने हवेतच लावला होता. प्रश्न विचारायचा तर भुवयांनी. नकार शेवटी. 'घरी कोण बोल नाही' हे तिच्या भाषेत चोख वाक्य होतं. मी त्याला लाल रेघ मारायला निघालो होतो.

भाषा बिघडत चालली आहे, यावर मी किती पत्रं लिहिली असतील! आणि माझ्या गॅलरीखाली एक अख्खी भाषा उभी होती, व्याकरण, विनोद, टोमणे, कुचाळक्या, सगळ्यांसकट. या पंचविसांपैकी तिघांच्याच घरी कुणाला खुणा येतात. बाकीचे आठवडाभर आपल्याच माणसांत गप्प असतात. आईबाप मुलांना काय काय शिकवतात, पोहणं, तबला, परदेशी भाषा. स्वतःच्या मुलाशी बोलता यावं म्हणून खुणा शिकलेले आईबाप मी शोधतो आहे. बँकेत, दवाखान्यात, चौकीत एक तरी माणूस खुणा जाणणारा असावा, हे माझं आजचं मत. हॉर्न आणि डीजेबद्दलची मतं मात्र होती तशीच आहेत.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी बाईची आई गावाहून आली होती. डोळ्यांच्या तपासणीसाठी आणलेली, सत्तरी ओलांडलेली, नऊवारीतली म्हातारी. माझ्या बायकोने तिला कठड्यावर आपल्याशेजारी बसवलं. समोर लेक घोळक्याच्या मध्ये उभी होती आणि कारखान्यातल्या साहेबाची नक्कल करत होती. ढेरी, चष्मा, टेबलावर आपटलेली मूठ. माणसं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होती. म्हातारी एकटक बघत राहिली.

"ही माझी पोर हाय?" तिने माझ्या बायकोला विचारलं.

"हो. तुमचीच."

"लय बोलती हो ही," म्हातारी म्हणाली. "घरी तं कधी काय बोलली नाय. मला वाटायचं, हिच्या मनात काही नसंलच." मग नातीला जवळ बोलावून ती हळूच म्हणाली, "हिला काय काय येतं गं सांगाया?"

"सगळं, आजी. सगळं येतं तिला."

"मंग इचार तिला. मी तिला कशी हाक मारू?"

नातीने आईला सांगितलं. बाई नक्कल अर्धी टाकून आली, आईसमोर जमिनीवर बसली. सगळा घोळका मागे गोळा झाला. खुणांच्या भाषेत प्रत्येकाला नाव असतं, ते बाकीच्यांनी दिलेलं असतं. हिचं नाव म्हणजे गालावरच्या खळीवर टेकवलेलं बोट. तिने ते आईला करून दाखवलं. म्हातारीचं बोट राबून वाकडं झालेलं, ते नीट स्वतःच्या गालापर्यंत जाईना. पहिल्यांदा हनुवटीवर गेलं, मग कानाजवळ. लेकीने आईचं मनगट धरलं आणि बोट जागेवर नेऊन ठेवलं.

म्हातारीने मग आपला हात सोडवून घेतला, पदर नीट केला आणि आपली आपण ती खूण केली. बरोबर केली. पंचवीस जणांनी दोन्ही हात वर करून पंजे हलवले, टाळ्या त्यांच्यात तशाच वाजवतात. माझी बायको रडत होती. मीही हात वर केले होते, आणि रस्त्यावरून जाणारे लोक थांबून आमच्याकडे बघत होते.