भूल देण्याआधीचा प्रश्न

आमच्या ऑपरेशन थिएटरात भूल द्यायला एक जर्मन डॉक्टर होते. मी तिथली नर्स, बावीस वर्षं त्यांच्या शेजारी उभी राहिले. ते दोन वर्षांसाठी म्हणून न्यू जर्सीला आले आणि आमच्यासारखेच इथले होऊन गेले. समोर मॉनिटर असला तरी त्यांची दोन बोटं पेशंटच्या नाडीवर असायची.

त्यांची एक सवय मात्र माझ्या डोक्यात जायची. फॉर्मवर 'उपाशी' अशी टिक असली तरी डॉक्टर स्टूल ओढून पेशंटजवळ बसणार आणि विचारणार, सकाळपासून तोंडात काय काय गेलं? मग गप्प बसून वाट बघणार. सर्जन घड्याळ बघतोय, आणि मी मनात म्हणतेय, अहो, उरका की आता!

मग माझ्या सासूबाईंचंच पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. घरून निघताना मी विचारलं, काही खाल्लं नाही ना? छे गं, म्हणाल्या. फॉर्मवर टिक मीच करवून घेतली. एवढी वर्षं यात घालवलेली बाई मी, मला कोण शिकवणार?

डॉक्टरांनी स्टूल ओढलं. त्यांचा प्रश्न मी मराठीत सांगितला, तोही कंटाळून. सासूबाई गप्प. डॉक्टरही गप्प. शेवटी सासूबाई लाजत म्हणाल्या, "खाल्लं काहीच नाही. देवाचा प्रसाद तेवढा घेतला. वाटीभर शिरा."

भूल चढल्यावर तो शिरा वर येऊन फुप्फुसात गेला असता, तर सासूबाई टेबलावरच गेल्या असत्या. आणि टिक माझी! आमच्याकडे प्रसाद खाण्यात धरत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं होय? रागवू तरी कोणावर?

डॉक्टर एवढंच म्हणाले, "उद्या."

सर्जन कुरकुरला, त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा स्टूल, पुन्हा तोच प्रश्न. ऑपरेशन नीट झालं, सासूबाई शुद्धीवर आल्या आणि सगळ्यात आधी चहा मागितला. मी बाहेर जाऊन रडले. या माणसाला आमचा देव माहीत नाही, शिरा माहीत नाही, तरी शिरा सापडला तो त्यालाच. हजारो पेशंटांपुढे तोच प्रश्न, आणि एकदाही कंटाळा नाही. केवढी ही माया म्हणायची!

यंदा ते निवृत्त झाले. नवे डॉक्टर हुशार आहेत, हात चटपटीत. पहिल्याच दिवशी त्यांनी फॉर्मवर नजर टाकली आणि सिरिंज उचलली. मी स्टूल ओढलं आणि पेशंटजवळ बसले. डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं. बघू देत, म्हटलं.